बोगनवेल : आडनावात उगवलेली वेल

परक्या आडनावांचं मराठीने काय केलं याचा कुणी संग्रह करायला घेतला, तर पहिला मान हापूसला द्यावा लागेल. आफोन्सो नावाचा पोर्तुगीज आपण आंब्यात इतका मुरवला की आता तो शोधूनही सापडत नाही. दुसरा मान माझ्या मते बोगनवेलीचा. मूळ आडनाव बूगँव्हिल. त्यातलं शेवटचं 'व्हिल' म्हणजे फ्रेंच भाषेत गाव किंवा शहर, आपल्याकडच्या 'पूर', 'वाडी'सारखं. पण मराठी कानाने ते ऐकलं, समोर कंपाउंडवर चढलेलं झाड बघितलं आणि सरळ 'वेल' करून टाकलं. कुणा पंडिताने समिती नेमून बनवलेला शब्द नाही हा. माळ्यांच्या, नर्सरीवाल्यांच्या, बंगल्यात कामाला जाणाऱ्या बायकांच्या तोंडी तो घडला असणार. इंग्रजीत हे स्पेलिंग लिहिताना आजही भल्याभल्यांची बोटं अडखळतात. आपल्याकडे तिसरीतलं पोरही न अडखळता 'बोगनवेल' म्हणतं.

गंमत म्हणजे ती वेल नाहीच. वेलीला एक तर आधाराभोवती गुंडाळता येतं किंवा काकडी-कारल्यासारखे ताणे असतात. बोगनवेलीकडे दोन्ही नाही. ते एक लांबच लांब फांद्या सोडणारं झुडूप आहे. शेजारच्या झाडावर, ग्रिलवर, भिंतीवर ते रेलतं आणि काट्यांचे आकडे अडकवत वर सरकतं. ज्याला आपण फूल म्हणतो तेही फूल नव्हे. ती रंगीत पानं आहेत, वनस्पतिशास्त्राच्या मराठीत 'छदं'. तीन छदांच्या मधोमध बारीक, पांढरट नळीसारखी जी तीन फुलं दिसतात, ती खरी. जवळ जाऊन बघितलं तर ओळखीची वाटतील, कारण ही गुलबक्षीच्या घराण्यातली. पावसाळ्यात रस्त्याकडेला पसरणारी पुनर्नवा, काही भागांत जिला घेटुळी म्हणतात, तीही याच घराण्यातली. म्हणजे नाव एकाचं, रूप दुसऱ्याचं आणि फुलं तिसरीकडे लपलेली. हिचा इतिहासही तसाच निघतो.

०००

लुई-आंत्वान द बूगँव्हिल हा आधी गणितज्ञ होता. विशीतच त्याने इंटिग्रल कॅल्क्युलसवर ग्रंथ लिहिला आणि १७५६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला फेलो करून घेतलं. (इंजिनिअरिंगला एम-थ्रीने ज्यांची झोप उडवली, त्यांनी दारातल्या बोगनवेलीकडे आता जरा वेगळ्या नजरेने बघायला हरकत नाही.) मग तो सैन्यात गेला, कॅनडात इंग्रजांशी लढला आणि युद्ध संपल्यावर समुद्राकडे वळला. १७६६ च्या अखेरीस फ्रान्सच्या राजाने त्याला पृथ्वीप्रदक्षिणेवर पाठवलं. जहाजं दोन. त्याचं स्वतःचं 'बूदज', म्हणजे शब्दशः रुसूबाई, आणि मागून सामानसुमान घेऊन येणारं 'एत्वाल', म्हणजे तारा.

या 'एत्वाल'वर राजाने नेमलेला वनस्पतिशास्त्रज्ञ होता, फिलिबेर कोमर्सों. हुशार, चिडका, तब्येतीने कुरबुऱ्या, आणि पायाला एक न भरणारी जखम. त्याच्याबरोबर एक नोकर होता. तो सगळी ओझी उचलायचा, डोंगर चढायचा, झाडं गोळा करायचा, ती कागदांत दाबून वाळवायचा आणि नोंदी सांभाळायचा. हा नोकर म्हणजे पुरुषाच्या वेषातली झान बारे. बर्गंडीतल्या ला कोमेल या खेड्यात १७४० मध्ये, गरीब घरात जन्मलेली. कोमर्सोंची पत्नी वारल्यावर ती त्याचं घर बघायची, पुढे दोघं एकत्रच राहत होती. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बाईला मनाई होती, म्हणून ती छाती पट्ट्यांनी बांधून पुरुष म्हणून चढली. इतक्या अडचणीच्या जागी, शेकडो पुरुषांत, वर्षाहून जास्त काळ ही गोष्ट तिने कशी निभावली असेल, याची कल्पना मुंबईच्या लोकलमध्ये चुकून पुरुषांच्या डब्यात चढलेल्या बाईला थोडीफार करता येईल.

जून १७६७ मध्ये दोन्ही जहाजं ब्राझीलच्या रिओ दी जानेरोला एकत्र आली. वातावरण चांगलं नव्हतं. पोर्तुगीज व्हाइसरॉयशी बूगँव्हिलचं बिनसलं होतं, 'एत्वाल'वरच्या धर्मगुरूचा किनाऱ्यावर खून झाला होता. अशा दिवसांत रिओच्या परिसरात कोमर्सोंच्या संग्रहात एक झुडूप आलं. काटेरी, आणि त्यावर जांभळट गुलाबी कागदासारखी पानं. त्याने त्याला आपल्या कप्तानाचं नाव दिलं.

आता प्रश्न असा, की ते झुडूप तोडून आणलं कुणी? बारेचं चरित्र लिहिणाऱ्या ग्लिनिस रिडली यांचा तर्क आहे की कोमर्सोंचा पाय त्या वेळी इतका बिघडला होता की रानात गेली ती बारेच. हा तर्क आहे, पुरावा नाही, आणि तो तर्क म्हणूनच घ्यायला हवा. सगळीकडे फिरणाऱ्या पोस्टमध्ये मात्र 'बोगनवेल एका बाईने शोधली, श्रेय पुरुषाने लाटलं' असं ठाम वाक्य असतं. मला त्या ठामपणाची गरज वाटत नाही, कारण जे नक्की माहीत आहे तेच पुरेसं आहे. बूगँव्हिलने स्वतः प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय की मॅगेलनच्या सामुद्रधुनीत, बर्फातून, ही व्यक्ती मालकामागे शिधा, बंदुका आणि झाडांच्या वह्या घेऊन चालायची. तिचा दम बघून कोमर्सोंने तिला 'ओझ्याचं जनावर' ही पदवी दिली होती. एखाद्या शोधाचं श्रेय कुणाचं हे ठरवताना पहिल्यांदा हात कुणी लावला हा एकच प्रश्न आपण विचारतो. वाळवलेला नमुना न कुजता, बुरशी न लागता, जहाजाच्या ओलीत वर्षानुवर्षं टिकवला कुणी, हे विचारत नाही. कोड लिहिणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, रात्री सर्व्हर सांभाळणाऱ्याचं नसतं.

बूगँव्हिलच्या सांगण्यानुसार एप्रिल १७६८ मध्ये ताहितीच्या लोकांनी तिला बघताक्षणी बाई म्हणून ओळखलं. इतरांच्या रोजनिश्यांत हकिगत जरा वेगळी आहे, आणि ती बूगँव्हिलइतकी सभ्य नाही. बूगँव्हिलने तिची बाजू घेतली हे खरं. तिला शिक्षा केली नाही, आणि पृथ्वीला फेरा घालणारी ही पहिली बाई ठरेल असंही नोंदवलं. त्याच दमात, ती दिसायला कुरूपही नाही आणि सुंदरही नाही, हेही नोंदवलं. अठराव्या शतकातल्या माणसाकडून याहून जास्त अपेक्षा नको.

पुढचं थोडक्यात. १७६८ च्या अखेरीस मॉरिशसला कोमर्सों आणि बारे उतरले ते तिथेच राहिले. तिथला कारभारी होता प्येर प्वाव्र. त्याच्या आडनावाचा अर्थ मिरी, आणि उद्योग डच लोकांच्या ताब्यातल्या बेटांतून लवंग-जायफळाची रोपं पळवून आणण्याचा. कोमर्सों १७७३ मध्ये मॉरिशसलाच वारला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने काही दिवसांनी त्याला सदस्य निवडलं, कारण तो गेल्याची बातमी जहाजाने पोचायची होती. बारेने पोर्ट लुईत दारूचा गुत्ता चालवला, रविवारी दारू विकल्याबद्दल दंड भरला, १७७४ मध्ये एका फ्रेंच सैनिकाशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर ती फ्रान्सला परतली. तिथे तिची प्रदक्षिणा पूर्ण झाली. १७८५ मध्ये आरमार खात्याने तिला वर्षाला २०० लिव्हरची पेन्शन दिली. १८०७ मध्ये ती गेली.

आणि झाड? ते पॅरिसच्या संग्रहात वाळलेल्या अवस्थेत पडून होतं. १७८९ मध्ये, म्हणजे राज्यक्रांतीच्याच वर्षी, आंत्वान-लोरां द ज्युसियेने आपल्या ग्रंथात या वंशाची नोंद छापली. स्पेलिंग चुकलेलंच होतं. ते दुरुस्त व्हायला विसाव्या शतकाचा चौथा दशक उजाडला. कोमर्सोंने एका वंशाला बारेचंही नाव दिलं होतं. एकाच रोपावर वेगवेगळ्या आकाराची पानं असणाऱ्या झाडांचा तो वंश. पण ते नाव टिकलं नाही, ती झाडं दुसऱ्याच वंशात गेली. तिच्या नावाची वनस्पती शास्त्रात यायला २०१२ साल लागलं. ती आहे इक्वेडोर आणि पेरूमधली, वांग्या-बटाट्याच्या घराण्यातली. तिचीही पानं एकाच रोपावर निरनिराळ्या आकारांची असतात.

०००

रिओ आणि गोवा दोन्ही पोर्तुगीजांचे. काजू, अननस, पेरू, मिरची या वाटेने आपल्याकडे आले. त्यामुळे बोगनवेलही थेट ब्राझीलहून पणजीला उतरली असेल असं वाटणं साहजिक आहे. फोंतेन्हासमधल्या पिवळ्या भिंतीवरची बोगनवेल बघून तर खात्रीच पटते. पण भारतातल्या बागकामाच्या नोंदी वेगळी वाट दाखवतात. ब्राझीलहून युरोप, तिथे काचघरं, आणि तिथून १८६० च्या सुमारास कोलकाता. लंडन-पॅरिसच्या ढगाळ हवेत कोळशाच्या ऊबेवर जगवलेलं झाड हुगळीकाठच्या उन्हात आलं. काचघरात ते फुलावं म्हणून युरोपच्या माळ्यांनी काय काय केलं असेल! इथे त्याला फक्त ऊन हवं होतं.

कोलकात्यात या झाडाचा खरा पत्ता म्हणजे अॅग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी. १८२० मध्ये ती स्थापन केली विल्यम केरीने. हे नाव मराठीच्या विद्यार्थ्यांना माहीत असतं. श्रीरामपूरचा हा मिशनरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवायचा. १८०५ मध्ये त्याने मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये मराठीचा कोश. भाषा आणि झाडं ही दोन वेडं त्याला सारखीच होती. त्याच्या कोशात बोगनवेल असणं शक्य नव्हतं, पण त्याने लावलेल्या संस्थेच्या बागेत शंभरेक वर्षांनी हिचे जे अवतार निघाले, ते आज आपल्या सोसायट्यांच्या गेटवर आहेत.

त्या अवतारांची नावं एकदा सलग वाचून बघा. मिसेस बट. मिसेस एच. सी. बक. मिसेस मॅकलीन. मेरी पामर. नर्सरीच्या पाट्या वाचताना वाटतं आपण क्लबातल्या चहापार्टीला आलोय. यातली मिसेस बट सगळ्यांत महत्त्वाची. कोलंबियातल्या कार्ताहेना शहरातल्या एका बागेत १९१० मध्ये मिसेस आर. व्ही. बट या बाईंना गडद किरमिजी रंगाची बोगनवेल दिसली. तोवर बागांत बहुतेक जांभळ्या-गुलाबी छटाच दिसत. त्यांनी ती त्रिनिदादला नेली, तिथून ती इंग्रजी साम्राज्याच्या बागाबागांत पोचली आणि १९२० च्या दशकात भारतात आली. नारिंगी, विटकरी, सोनेरी अशा ज्या छटा आज दिसतात, त्यांतल्या पुष्कळ हिच्याच घरच्या. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाचे आर. ई. हॉल्टम आणि अमेरिकेचे पॉल स्टँडली यांनी १९४४ मध्ये या संकरित गटाला शास्त्रीय नाव दिलं, तेही बटबाईंचंच. फक्त 'आर. व्ही.' ही आद्याक्षरं त्या काळच्या चालीप्रमाणे नवऱ्याची असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे झाडाला बाईचं नाव मिळालं खरं, पण ते लग्नात मिळालेलं नाव होतं.

मिसेस बटला बी धरत नाही. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, ३४ ऐवजी ५१. बीजनिर्मितीच्या वेळी तिनाची जोडी लागत नाही आणि काम तिथेच थांबतं. बाकीच्या जातींतही पुष्कळ अशाच वांझ, आणि ज्या नाहीत त्यांना स्वतःचा पराग चालत नाही. त्यामुळे बोगनवेल वाढवायची म्हणजे काडी खोचायची किंवा गुटी बांधायची. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पुण्यातली मिसेस बट, नागपुरातली मिसेस बट आणि कार्ताहेनातली ती १९१० ची, ही आई-मुलगी-नात अशी पिढ्यांची रांग नाही. ते एकच झाड आहे. गेली शंभरहून जास्त वर्षं तुकड्या-तुकड्याने हातोहात फिरतंय.

मग बी नाही तर नवे रंग येतात कुठून? चुकीतून. झाडावर हजारो डोळे फुटतात. एखाद्या डोळ्यातल्या पेशींत बदल होतो आणि ती एकच फांदी वेगळ्या रंगाची येते. कुणाची नजर असेल तर ती फांदी कापून वेगळी वाढवली जाते, नसेल तर छाटणीत कचऱ्यात जाते. १९४९ मध्ये कोलकात्यात सोसायटीच्या बागेत मिसेस एच. सी. बकच्या झाडावर अशीच एक फांदी निघाली. काही छदं पांढरी, काही किरमिजी आणि काहींवर दोन्हींचा शिडकावा. तीच मेरी पामर. एकाच झाडावर दोन रंग दिसले की लोक विचारतात, दोन रोपं एका कुंडीत लावली का? नाही, एकाच झाडाच्या अंगात दोन प्रकारच्या पेशींचे थर नांदतात, आणि कुठल्या फांदीत कुठला थर वरचढ होतो त्यावर रंग ठरतो. स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांनी, कोलकात्याच्या बागेत निघालेलं हे झाड, नाव मात्र मेरी पामर. जुन्या सवयी इतक्या पटकन जात नाहीत.

पण पुढे नावं बदलली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत बी. पी. पाल होते. गव्हाच्या तांबेरा रोगावर आयुष्य घालवलेला माणूस, संस्थेचा संचालक, पुढे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा पहिला महासंचालक. देशाला गहू पुरत नव्हता त्या काळात गव्हाची जबाबदारी ज्यांच्यावर होती, ते पाल गुलाब आणि बोगनवेलींचे संकरही करत होते. त्यांच्या संस्थेतून आलेल्या जातींची नावं समर टाइम, स्प्रिंग फेस्टिव्हल, सॉनेट, स्टान्झा अशी. इंग्रजीच, पण निदान कुणाची मिसेस नाही. विष्णू स्वरूप यांच्याबरोबर त्यांनी १९७४ मध्ये बोगनवेलीवर पुस्तकही लिहिलं. जगभरातल्या बोगनवेलींच्या जातींची नावं नोंदवण्याचं आंतरराष्ट्रीय कामही याच संस्थेकडे आलं. ब्राझीलच्या झाडाला फ्रेंच नाव, आणि त्याचं जन्मनोंदणी कार्यालय दिल्लीत.

लखनौचं तर विचारूच नका. तिथल्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत त्रिलोकीनाथ खोशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात बोगनवेलींच्या गुणसूत्रांचा कसून अभ्यास केला. कोण वांझ, का वांझ, आणि वांझपण हटवता येईल का, हे तपासलं. त्यांच्याकडच्या जातींची नावं बेगम सिकंदर आणि वाजिद अली शाह! मेरी पामरवर नुसती पांढरी फांदी निघाली, तिचं नाव शुभ्रा. वाजिद अली शाह हे नाव मला विशेष आवडतं. इंग्रजांनी अवध खालसा केल्यावर हा नवाब कोलकात्याला आला आणि मटियाबुर्जात राहिला. हुगळीच्या पलीकडच्या काठावर समोरच सरकारी वनस्पती उद्यान होतं. तो तिथे आला १८५६ मध्ये, बोगनवेल आली १८६० च्या सुमारास. दोघं एकाच शहरात परके. शंभर वर्षांनी त्याच्याच लखनौमध्ये दोघांची एका पाटीवर गाठ पडली.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही बोगनवेलीच्या काड्यांवर गॅमा किरण सोडून नव्या जाती काढल्या गेल्या. आपोआप होणाऱ्या चुकीची वाट बघत बसण्यापेक्षा ती मुद्दाम घडवायची. पानांवर पांढरे-पिवळे पट्टे असलेल्या काही जाती अशाच उद्योगातून आल्या. अणुभट्टी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बोगनवेल येत नाही, पण यायला हवी.

०००

इतकं सगळं होऊनही आपल्या परंपरेत हिला जागा नाही. गणपतीला जास्वंद लागते, गजऱ्याला मोगरा, दसऱ्याला झेंडू. बोगनवेल पूजेच्या तबकात सहसा नसते, केसांत माळत नाहीत, वास नाही. तिची जागा कंपाउंडवर, कॅन्टोन्मेंटात, कॉलेजच्या पार्किंगमागे, आणि आता हायवेच्या दुभाजकावर. तिथे ती समोरच्या गाड्यांचे हेडलाइट अडवते, काट्यांमुळे कुणी मधून घुसत नाही आणि टँकर चार दिवस आला नाही तरी मरत नाही. मे महिन्यात सगळं करपलेलं असताना दोन्ही बाजूंच्या धुरात फुललेलं दुसरं काय दिसतं?

दुभाजकावरच्या, कुणी न बघितलेल्या झाडाला मरणाचा बहर असतो आणि फ्लॅटच्या बाल्कनीत रोज पाणी मिळणाऱ्या झाडाला नुसती हिरवी पानं, हे अनेकांनी बघितलं असेल. याचं उत्तर झाडाच्या काट्यात आहे. बोगनवेलीचा काटा पानाच्या बगलेतून येतो. फुलोराही तिथूनच येतो. दोन्ही मुळात एकच अवयव, एक आखूड फांदी. झाडाला फुलण्याची वेळ आहे असं वाटलं तर तिचा फुलोरा होतो, नाही वाटलं तर ती वाढ थांबवून टोकदार होते आणि काटा बनते. फुलण्याची वेळ म्हणजे भरपूर ऊन, दिवस लहान होत जाणं, हवा कोरडी आणि मुळांना पाण्याची थोडी टंचाई. पाणी आणि युरिया मुबलक असेल, दिवस मोठे असतील, तर झाड म्हणतं आत्ता वाढू या, फुलांचं नंतर बघू. म्हणून पावसाळ्यात लांबच लांब काटेरी फोक सुटतात आणि पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे, रंग चढू लागतो.

हे समजावून सांगायला मराठीत एक नेमका शब्द आहे, जो शहरी बागकामाच्या व्हिडिओंमध्ये मला फारसा ऐकू येत नाही : ताण. विदर्भातले संत्र्याचे आणि सोलापूरकडचे डाळिंबाचे बागायतदार बहार धरतात तो ताण देऊनच. ठरावीक दिवस पाणी तोडायचं, झाडाची पानं गळू द्यायची, मग पाणी सोडायचं, की झाड फुलावर येतं. आंबिया बहार, मृग बहार ही सगळी ताणाची वेळापत्रकं. बोगनवेलीला तेच लागू पडतं, फक्त छोट्या प्रमाणात. कुंडीतली वरची दोन बोटं माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. पानं किंचित मलूल दिसली की पाणी द्यायचं, तेही भरपूर, खालून वाहून जाईपर्यंत. रोज थोडं थोडं शिंपडणं सर्वांत वाईट.

ऊन निदान सहा तास, आणि थेट. खिडकीतून येणारा उजेड म्हणजे ऊन नव्हे. पूर्वेची बाल्कनी समोरच्या टॉवरने झाकलेली असेल तर बोगनवेलीचा नाद सोडून सरळ मनीप्लांट लावावा, यात कुणाचा अपमान नाही. कुंडी फार मोठी नको, मुळं जरा दाटलेली असली की ती फुलते. खत द्यायचं तर नत्र कमी. छाटणी मात्र हवी, कारण फुलं नव्या फुटीवर येतात. एक बहर संपला की लांब फोक मागे घ्यायचे. रोप पिशवीतून कुंडीत लावताना पिशवी ओढून काढायची नाही, कात्रीने कापायची. काट्यांनी भरलेल्या या दांडग्या झाडाची मुळं आश्चर्य वाटावं इतकी नाजूक आणि ठिसूळ असतात. मातीचा गोळा फुटला की झाड महिनाभर रुसतं. पहिल्या जहाजाचं नाव रुसूबाई होतं ते उगाच नव्हे.

एक गोष्ट मोबाइलवर खरेदी करणाऱ्यांसाठी. निळ्या बोगनवेलीचे फोटो आणि बियांची पाकिटं ऑनलाइन विकायला असतात. बोगनवेलीचा रंग बीटातला आणि लाल माठाच्या भाजीत हाताला लागतो त्या कुळातला. जास्वंदीचा किंवा गोकर्णाचा रंग वेगळ्या कुळातला. गोकर्णाच्या कुळात निळा बसतो, बीटाच्या कुळात पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंतच मजल जाते. त्यामुळे निळी बोगनवेल फोटोशॉपमध्येच उगवते. त्यातून बागेत लावतात त्या बोगनवेलींना बी क्वचितच धरतं, म्हणजे त्या पाकिटात खोटं एक नसून दोन आहेत.

पैसे न घालवता बोगनवेल मिळवायचा जुना मार्ग अजून चालू आहे. पावसाच्या सुरुवातीला, कुणाच्या तरी गेटवरची छाटणी चालू असताना, पेन्सिलीएवढ्या जाडीची, ना फार कोवळी ना फार जून, वीतभर काडी मागून घ्यायची. खालची पानं काढायची, खालचं टोक तिरकं कापायचं, वाळू मिसळलेल्या मातीत दोन-तीन डोळे आत जातील अशी खोचायची आणि सावलीत ठेवायची. पानं फुटली म्हणजे मुळं फुटली असं नाही. काडीतल्या साठ्यावरही पानं येतात, म्हणून उपटून बघायची घाई करायची नाही. आणि झाड मेरी पामर असेल तर काडी कुठली कापली जातेय त्याकडे लक्ष ठेवायचं. एकाच फांदीवर पांढरी आणि किरमिजी दोन्ही छदं दिसतील तीच घ्यायची. नुसत्या पांढऱ्या फांदीची काडी लावली तर बहुतेक वेळा पांढरंच झाड मिळतं.